एक जोडणी, दोन संगणक : घरगुती इंटरनेटच्या वाटणीचा इतिहास

गेल्या साठ वर्षांत मध्यमवर्गीय घरात जी यंत्रे आली, त्यांपैकी बहुतेक यंत्रे प्रथम सामाईक होती आणि मग व्यक्तिगत झाली. रेडिओ वाड्याचा होता, दूरचित्रवाणी संच आळीचा होता. दूरध्वनी तर कित्येक वर्षे शेजाऱ्यांचाच असे. लग्नपत्रिकांवर आणि अर्जांवर स्वतःच्या नावापुढे शेजारच्या घराचा क्रमांक लिहून कंसात ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे टाकण्याची पद्धत अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. संगणक आणि त्यामागोमाग आलेली इंटरनेटची जोडणी यांचा इतिहासही याच वळणाने गेला आहे. आज घरातील प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा असतो. तथापि भिंतीतून आत येणारी तार बहुधा एकच असते. ती एक तार दोघांना, चौघांना एकाच वेळी कशी पुरू लागली, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तिच्यात अभियंत्यांची एक तडजोड आहे, सरकारी धोरणांची वळणे आहेत आणि या सोयीसाठी मोजलेली थोडी किंमतही आहे.

वाटणीची जुनी परंपरा

संगणकाचा जन्मच वाटणीत झाला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक रीतसर कार्यान्वित झाला. १९६४ साली त्याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हे मोठे यंत्र आले, तर कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली ‘आयबीएम १६२०’ दाखल झाले होते. अशी यंत्रे अनेकांनी मिळून वापरावयाची असत. छिद्रे पाडलेल्या पत्रांचा गठ्ठा आत द्यावा आणि आपल्या पाळीची वाट पाहावी, असा त्या काळचा रिवाज होता. अमेरिकेत १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एकाच यंत्राचा वेळ अनेकांमध्ये क्षणाक्षणाने वाटून देण्याची पद्धत दाखवली गेली. यंत्र इतक्या वेगाने एकाकडून दुसऱ्याकडे वळे, की प्रत्येकास ते आपल्या एकट्याचेच आहे असे वाटे.

याच कल्पनेचे दुसरे रूप त्याच दशकात संदेशवहनात अवतरले. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे असे सुचवले, की संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा आणि एकाच तारेवरून अनेकांचे तुकडे मिसळून पाठवावेत. डेव्हिस यांनी या तुकड्यांना ‘पॅकेट’ असे नाव दिले. दूरध्वनीच्या संभाषणात दोन माणसे गप्प बसली तरी तार अडकून राहते. पॅकेटच्या पद्धतीत एकाच्या शांततेचा लाभ दुसऱ्याला होतो. १९६९ साली सुरू झालेले ‘आर्पानेट’ या तत्त्वावर उभे राहिले. पुढे एका घरातील दोन संगणकांना एकच तार पुरली, याचे मूळ इथे आहे. एकजण पान वाचत असताना त्याची तार मोकळीच असते, आणि त्या मोकळ्या क्षणांत दुसऱ्याचे पान उतरत असते.

पत्त्यांचा तुटवडा

सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेटच्या पत्त्यांची जी रचना प्रसिद्ध झाली, तीत प्रत्येक पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा ठरला. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ भरते. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट या नव्या रचनेवर गेले, तेव्हा त्यावर केवळ काही शे संगणक होते. चारशे कोटींहून अधिक पत्ते कधी संपतील असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. पण हे पत्ते आरंभी मोठ्या गठ्ठ्यांनी वाटले गेले. एकेका विद्यापीठाला वा कंपनीला दीड कोटीहून अधिक पत्ते मिळाले, मग तिथे संगणक कितीही थोडे असोत. नव्वदच्या दशकाच्या आरंभी हा साठा आटणार हे स्पष्ट झाले.

त्यावर दूरचा उपाय म्हणजे पत्ताच लांब करणे, आणि जवळचा उपाय म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेक संगणक बसवणे. दुसरा उपाय मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी ‘आरएफसी १६३१’ या टिपणात मांडला. इंग्रजीतील आद्याक्षरांवरून तो ‘नॅट’, म्हणजे पत्त्यांचे भाषांतर, या नावाने ओळखला जातो. त्याच्या कर्त्यांनी हा अल्पकाळचा उपाय आहे असे स्पष्ट म्हटले होते. तात्पुरती म्हणून घातलेली ताडपत्री पुढे पक्क्या छपराचे काम करत राहावी, तसे याचे झाले. आज तीन दशकांनंतरही बहुतेक घरे याच उपायाखाली नांदत आहेत.

त्याची रीत ‘पी. पी.’ क्रमांकाच्या उदाहरणाने सहज ध्यानात येते. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. घरातील संगणकांना आपसांतले खासगी पत्ते असतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये अशा खासगी पत्त्यांसाठी तीन पट्टे कायमचे राखून ठेवले गेले. त्यांतला ‘१९२.१६८’ या आकड्यांनी सुरू होणारा पट्टा घराघरांतील राउटरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर आजही दिसतो. हे खासगी पत्ते बाहेर चालत नाहीत. म्हणूनच ते कोट्यवधी घरांत एकाच वेळी पुन्हा पुन्हा वापरता येतात. घरातल्या संगणकाने पाठवलेले पॅकेट दाराशी आले, की तिथले यंत्र त्यावरचा खासगी पत्ता पुसून घराचा सार्वजनिक पत्ता घालते आणि कोणत्या संगणकाने कोणाला काय विचारले याची नोंद एका क्रमांकानिशी आपल्या वहीत करते. उत्तर त्याच क्रमांकावर परत येते, तेव्हा वही पाहून ते योग्य संगणकाकडे पोहोचवले जाते. हे क्रमांक ६५,५३६ पर्यंत असू शकत असल्याने दोनच काय, शेकडो संगणकांची सोय एका पत्त्यावर होऊ शकते.

भारतातील पहिली दशवर्षे

भारतात संगणकजाळ्याचा आरंभ १९८६ साली ‘अर्नेट’ या शैक्षणिक प्रकल्पाने झाला. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे पहिले घटक होते. सामान्य नागरिकांना मात्र इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या दिवशी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत सेवा सुरू केली. या महानगरांबाहेर राहणाऱ्यांना प्रारंभी एसटीडीचा खर्च सोसून महानगरातील क्रमांक लावावा लागे. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर अशा मराठी वस्तीच्या शहरांतील कुटुंबांना ही अडचण विशेष जाणवणारी होती.

त्या काळी जोडणी तासांवर विकली जाई. आगाऊ पैसे भरून ठराविक तास विकत घ्यावयाचे, शिवाय दूरध्वनीचे मीटर वेगळे चालू राहावयाचे. मोडेमचा तो परिचित कर्कश स्वर थांबून जोडणी लागली, की घड्याळावर नजर ठेवूनच पुढचे काम होई. घरचा दूरध्वनी तेवढा वेळ अडकून पडे. अशा परिस्थितीत, घरात दोन संगणक असले, तर एकाच वेळच्या मोलात दोघांनी काम करून घ्यावे ही इच्छा केवळ हौसेतून नव्हे तर हिशेबातून आली. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झाले होते. परदेशी गेलेल्या मुलाची ईपत्रे आणि दूरवरच्या मराठी माणसांशी होणारा हा नवा संवाद, दोन्ही याच मोजक्या तासांत बसवावी लागत.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा दिली आणि विदेश संचार निगमाची मक्तेदारी संपली. दर उतरले, गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडले. एका जोडणीवर अनेक संगणक चालवण्याची कला आपल्या समाजाने प्रथम पाहिली ती या कॅफेंतून. प्लायवूडच्या आडोशांतील पाचसात संगणक, एक मालकाचा संगणक आणि त्याला जोडलेला एकच मोडेम, अशी साधारण मांडणी असे. ‘विनगेट’सारख्या प्रणाली हे काम करीत. लिनक्सच्या जाणकारांकडे ‘मास्करेडिंग’ नावाची तीच युक्ती होती. तिच्यात घरातल्या सर्व संगणकांना जणू एकाच मुखवट्याआड उभे केले जाई.

तार, चिमटा आणि तोंडे

घरगुती वापरात खरा बदल १९९९ साली झाला. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९८’ची दुसरी आवृत्ती आणली, तीत जोडणी वाटून देण्याची सोय आयतीच होती. जिला मोडेम जोडलेला आहे त्या संगणकाने १९२.१६८.०.१ हा पत्ता घ्यावा आणि दुसऱ्याला त्याच पट्ट्यातला पत्ता आपोआप द्यावा, अशी योजना होती. त्याआधी हे काम केवळ जाणकारांचे होते. आता महाविद्यालयात शिकणारा मुलगा सुटीच्या दिवशी ते करू शकत होता.

त्यासाठी लागणारे साहित्य मोजके होते. प्रत्येक संगणकात एक नेटवर्क कार्ड आणि मध्ये एक तार. या तारांमागील ‘इथरनेट’ ही पद्धत १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी घडवली. प्रकाशाचे वहन करणारे सर्वव्यापी ‘ईथर’ नावाचे द्रव्य एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी कल्पिले होते. त्याचेच नाव या जाळ्याला मिळाले. दोन संगणक थेट जोडताना मात्र एक खुबी होती. एकाचे बोलण्याचे टोक दुसऱ्याच्या ऐकण्याच्या टोकाला लागले पाहिजे. म्हणून तारेच्या एका तोंडाला पहिली व दुसरी तार अनुक्रमे तिसऱ्या व सहाव्या जागी फिरवावी लागे. अशा तारेला ‘क्रॉसओव्हर’ म्हणत. आठ रंगीत तारांचा क्रम लावून त्या प्लास्टिकच्या तोंडात घालाव्या आणि चिमट्याने दाबाव्या, हे काम दुकानदार करून देत किंवा घरची मंडळी दोनचार तोंडे वाया घालवून शिकत. पुढे यंत्रेच तारांचा क्रम ओळखू लागली आणि ही खुबी विस्मरणात गेली.

या व्यवस्थेत एक घरगुती राजकारण दडलेले होते. मोडेम ज्या संगणकाला, तो थोरला. तो बंद झाला की धाकट्याचेही इंटरनेट गेले. छप्पन किलोबिटांच्या मोडेमवर एकाने गाणे उतरवायला घेतले, की दुसऱ्याचे पान अर्ध्यावर थांबे. ही वाटणी कोणाच्या सोयीने व्हावी हा प्रश्न यंत्राला सोडवता येत नव्हता, तो जेवणाच्या पानावर सोडवावा लागे.

ब्रॉडबँड आणि बिनतारी घर

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले. २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरला, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल व एमटीएनएल यांनी दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून ही सेवा सुरू केली. आता दूरध्वनी अडकत नव्हता आणि घड्याळाची जागा उतरवलेल्या माहितीच्या मापाने घेतली होती. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत माप लागत नसे. त्यामुळे घरोघरचे संगणक मध्यरात्री जागे होऊन पहाटेपर्यंत काम करीत.

या सेवेबरोबर मिळणाऱ्या अनेक मोडेमना एक इथरनेटचे आणि एक यूएसबीचे अशी दोन तोंडे होती. मोडेमलाच जोडणी लावण्याचे काम सोपवले, की एक संगणक एका तोंडाला आणि दुसरा दुसऱ्याला लावून दोन्हींवर इंटरनेट चालू करता येई. स्वतंत्र पेटी विकत घेण्याची गरज उरत नसे. थोरला संगणक आणि धाकटा संगणक हा भेद येथे संपला. दोघेही मोडेमचे सारख्याच नात्याने आश्रित झाले. केबलवरून सेवा देणारे स्थानिक चालक मात्र जोडणी एका विशिष्ट नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधून टाकत. त्यावर राउटरच्या निर्मात्यांनी त्या क्रमांकाची नक्कल करण्याची सोय आपल्या यंत्रातच दिली. एका जोडणीवर किती माणसांनी बसावे याविषयी देणारा आणि घेणारा यांच्यात चाललेली ती मूक ओढाताण होती.

त्याच जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा परवान्याविना वापरण्यास मोकळा केला. अमेरिकेत असा निर्णय १९८५ सालीच झाला होता. त्यातून १९९७ साली बिनतारी जाळ्याचे पहिले मानक आणि १९९९ साली अकरा मेगाबिटांचे सुधारित मानक निघाले, व त्याच वर्षी ‘वाय-फाय’ हे नाव रूढ झाले. आपल्याकडे ब्रॉडबँड आणि बिनतारी लहरी या दोन वाटा एकाच महिन्यात खुल्या झाल्या. जिन्याखालून, दाराच्या फटीतून नेलेली तार काही वर्षांतच निरुपयोगी ठरली.

उघडे दार

वाटणी भिंतीपुरती होती तोवर तिच्यात जोखीम नव्हती. लहरी मात्र भिंत ओलांडतात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे प्रसारमाध्यमांना धमकीचे ईपत्र पोहोचले होते. तपासात त्याचा माग नवी मुंबईतील एका सदनिकेपर्यंत लागला. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वाय-फाय परवलीच्या शब्दाविना उघडे होते आणि त्याचा दुरुपयोग इतरांनी केला होता. नॅटच्या रचनेतील एक मर्म या घटनेने सर्वांपुढे आले. बाहेरून घराचा पत्ता दिसतो, घरातला माणूस दिसत नाही. एका पत्त्यामागे जितके जण, त्या सर्वांची जबाबदारी जोडणीच्या धन्यावर येते. २००९ साली दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सेवादात्यांना सूचना दिल्या. शेजाऱ्याला साखर द्यावी तितक्या सहजपणे परवलीचा शब्द देण्याच्या वृत्तीला त्यानंतर आळा बसला.

नॅटची दुसरी किंमत अधिक सूक्ष्म आहे. इंटरनेटच्या मूळ कल्पनेत प्रत्येक संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाला थेट हाक मारू शकत होता. नॅटमागच्या संगणकाला बाहेर हाक मारता येते, पण बाहेरच्याला त्याला हाक मारता येत नाही; वहीत नोंद नसलेले पॅकेट दाराशीच थांबते. यामुळे आगंतुकांपासून थोडे संरक्षण मिळाले हे खरे. त्याचबरोबर सामान्य घर हे माहिती घेणारे झाले, देणारे राहिले नाही. स्वतःचे संकेतस्थळ स्वतःच्या घरातून चालवण्याची शक्यता मावळली आणि छायाचित्रे, पत्रे, लेखन हे सारे मोठ्या कंपन्यांच्या कोठारांत जाऊ लागले. याला इतरही कारणे आहेत. तरी वाटणीच्या या रीतीचा त्यात वाटा आहे.

टाळेबंदी आणि त्यानंतर

दोन संगणक आणि एक जोडणी हा प्रश्न पुन्हा तीव्र झाला तो मार्च २०२० मध्ये. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. एका घरात दोन मुलांचे दोन वर्ग, आईवडिलांच्या कार्यालयाच्या बैठका आणि एकच जोडणी, असे चित्र देशभर दिसले. ज्यांच्याकडे ती होती त्यांची ही अडचण तुलनेने सुखाची होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरांत २३.४ टक्के होती. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरांत ४२ टक्के कुटुंबांना होती. उरलेल्यांच्या घरी बहुधा एकच भ्रमणध्वनी होता, आणि तो कामावर जाणाऱ्याबरोबर बाहेर जात असे. २०१० सालापासून भ्रमणध्वनीलाच ‘हॉटस्पॉट’ करून त्याची जोडणी इतर यंत्रांना देण्याची सोय रूढ झाली होती. ती या काळात कित्येक विद्यार्थ्यांची शाळा ठरली. मराठी माध्यमाच्या शाळांतील शिक्षकांनीही याच वाटणीतल्या जोडणीवरून फळा पडद्यावर आणला.

दरम्यान पत्त्यांचा साठा खरोखरच संपला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले. ज्या दूरच्या उपायाचा विचार नव्वदच्या दशकात झाला होता, तो एकशेअठ्ठावीस द्विमान अंकांचा नवा पत्ता आता वापरात आला आहे. २०१६ साली रिलायन्स जिओने त्याच्या आधारेच आपली सेवा उभी केली आणि या नव्या पत्त्यांच्या वापरात भारत जगातील अग्रेसर देशांत गणला जाऊ लागला. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. दुसरीकडे, जुन्या पत्त्यांवर चालणाऱ्या सेवादात्यांनी नॅटवर आणखी एक नॅट चढवले आहे. त्यामुळे अनेक घरे मिळून एकच पत्ता वापरतात आणि वाटणी घराबाहेर पडून सबंध वस्तीची झाली आहे.

पत्त्यांची टंचाई अशा रीतीने कधी तरी सरेल. मात्र वेग, माहितीचे माप आणि घरातील प्रत्येकाचा वेळ यांना मर्यादा राहणारच. शाळांच्या संगणकखोलीत एका पडद्यापुढे दोघेतिघे बसून शिकलेल्या पिढ्यांना या मर्यादेत काम भागवण्याचा सराव आहे. ज्या घरात आज धाकटीच्या परीक्षेसाठी थोरला आपला चित्रपट थांबवतो, तिथे जोडणीची वाटणी राउटर करीत असला, तरी तिचा क्रम अजून माणसेच ठरवीत आहेत.